बेल्ट्रानसाठी झॅक व्हीलर द्यायचा का? (जायंट्स, जुलै २०११)

खाडीवारा | २४ जुलै २०११, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी,

३१ जुलैची डेडलाइन, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख, आता आठवड्यावर आली. दोन दिवस जिथे बघावं तिथे एकच चर्चा आहे. न्यूयॉर्क मेट्सचा आउटफिल्डर कार्लोस बेल्ट्रान आपल्याकडे, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे, येणार आणि बदल्यात मेट्सना आपला तरुण पिचर (चेंडू टाकणारा) झॅक व्हीलर हवाय. म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मला हा सौदा नको.

जूनमध्ये मुलाला घेऊन सॅन होजेच्या म्युनिसिपल स्टेडियमवर गेलो होतो. तिथे आपली मायनर लीगची, म्हणजे तयार होणाऱ्या पोरांची टीम खेळते. मुलगा आठ वर्षांचा आहे. होम प्लेटच्या (बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या) मागे, जाळीला लागून जागा मिळाली. पुढच्या रांगेत तीन-चार माणसं स्पीडगन आणि वह्या घेऊन बसली होती. त्या दिवशी व्हीलर टाकत होता. उंच, लांब हातांचा, २१ वर्षांचा पोरगा. हात अगदी सैल सोडून टाकतो, जोर लावतोय असं वाटतच नाही, आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडला की आवाज असा येतो की गप्पा मारणारी माणसंही वळून बघतात. मध्येच एक इनिंग बिघडली. लागोपाठ दोघांना चार-चार बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. मग त्याच इनिंगमध्ये दोघांना उडवून बाहेर आला. मुलगा स्कोअरकार्डवर पेन्सिलने प्रत्येक स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर बॅट्समन बाद) 'के' काढत होता. परतताना गाडीत विचारतो, "बाबा, हा मोठ्या टीममध्ये कधी येणार?" मी म्हटलं, दोन वर्षं थांब.

आता त्याला काय सांगू?

भावनेचं सोडा, नुसता हिशोब बघा. ड्राफ्टमधल्या (दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या) आपल्या पहिल्या फेरीच्या निवडी अशा: २००२ मॅट केन, २००६ लिन्सकम, २००७ बमगार्नर, २००८ पोझी, २००९ व्हीलर. पहिल्या चौघांनी आपल्याला गेल्या वर्षी वर्ल्ड सिरीज (बेसबॉलचं अंतिम विजेतेपद) मिळवून दिली. त्या चौघांपैकी एकालाही आपण डेडलाइनला विकला नाही, म्हणून ती मिळाली. आणि पाचवा दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी देऊन टाकायचा?

कँडलस्टिककाका | २४ जुलै २०११, रात्री ११.३१

खाडीवारा, तुमचं लिखाण मनापासून आवडलं. पण मत अजिबात पटलं नाही.

मी १९८६ मध्ये फ्रीमाँटला आलो. तेव्हापासून या टीमचा आहे. कँडलस्टिक या आपल्या जुन्या स्टेडियमवर भर जुलैत स्वेटर, कानटोपी आणि वर घोंगडी घेऊन बसलोय. १९८९ला भूकंप झाला तेव्हा वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना सुरू होणार म्हणून टीव्हीसमोर बसलो होतो. ५ वाजून ४ मिनिटांनी घर हललं आणि चित्र गेलं. सिरीज दहा दिवस थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा ओकलंडने चारही सामने घेतले. १९९३ला आपण १०३ सामने जिंकलो आणि तरी घरी बसलो, कारण अटलांटाने १०४ जिंकले. शेवटच्या दिवशी डॉजर्सकडून १२-१. २००२ला वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात सातव्या इनिंगपर्यंत ५-० ने पुढे होतो. आठ आउट हवे होते. फक्त आठ.

या प्रत्येक वर्षानंतर मी एकच वाक्य ऐकलं: "पोरं तयार होताहेत, पुढच्या वर्षी बघू." गेल्या १ नोव्हेंबरला ब्रायन विल्सनने नेल्सन क्रूझला उडवलं तेव्हा मी माझ्या बैठकीत उभा राहून लहान पोरासारखा रडलो. २४ वर्षं लागली त्याला.

आज पिचर असे आहेत की तीन धावा केल्या तर सामना आपला. पण त्या तीन धावा येत नाहीत. नॅशनल लीगमध्ये धावांच्या यादीत आपण तळाला आहोत. दुखापतीने कॅचर पोझी गेला, फ्रेडी सांचेझ गेला. चौथ्या नंबरला भरवशाने कोणाला उभं करायचं, सांगा. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. व्हीलर हा पळता आहे. केन आणि लिन्सकम हे हातचे आहेत आणि ते कायम हातात राहणार नाहीत.

नवखा_पुणे | २५ जुलै २०११, सकाळी ९.१०

बेसबॉल नुकताच बघायला लागलोय, त्यामुळे अगदी साधा प्रश्न. खेळाडूला न विचारता एका टीमने दुसऱ्या टीमला द्यायचं, हे चालतं कसं?

डावखुरी | २५ जुलै २०११, सकाळी ९.४८

@नवखा_पुणे, आयपीएलमध्ये २००९ला झहीर बंगळूरहून मुंबईला आला आणि उथप्पा तिकडे गेला, आठवतंय? तसंच. फक्त इथे ते शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि करार खेळाडूसोबत नव्या टीमकडे जातो. बहुतेकांना नाही म्हणता येत नाही. बेल्ट्रानच्या करारात मात्र नकाराधिकार आहे, म्हणजे तो हो म्हणाला तरच हलेल.

दर जुलैत टीम दोन गटांत विभागल्या जातात. ज्यांचं वर्ष संपलं ते आपले जुनेजाणते, महागडे खेळाडू देऊन तरुण पोरं घेतात. जे शर्यतीत आहेत ते पोरं देऊन अनुभवी माणूस घेतात. मेट्स पहिल्या गटात, आपण दुसऱ्या. बेल्ट्रान ३४ वर्षांचा आहे, त्याचा सात वर्षांचा, ११ कोटी ९० लाख डॉलरचा करार याच मोसमात संपतोय. आणि त्या करारात एक कलम असं आहे की मोसम संपून तो दुसरीकडे गेला, तर एरवी भरपाई म्हणून मिळतात तशा ड्राफ्टमधल्या जागाही मिळणार नाहीत. म्हणून खाडीवारा त्याला पाहुणा म्हणतात. ऑक्टोबरनंतर आपल्या हातात काहीही उरत नाही.

मी सॅन होजेचीच. ते स्टेडियम घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि कॉलेजपर्यंत सॉफ्टबॉल खेळलेय. व्हीलरला तीनदा बघितलंय. तो चांगला आहे, वाद नाही. पण दोन वर्षांपूर्वी फ्रेडी सांचेझसाठी टिम अल्डरसन दिला तेव्हाही आपण असेच हळहळलो होतो. तोही पहिल्या फेरीचा, तोही सॅन होजेचा. आज अल्डरसन मायनर लीगमध्येच अडकलाय आणि सांचेझच्या बोटात वर्ल्ड सिरीजची अंगठी आहे. पिचरचा खांदा आणि कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही.

खाडीवारा | २५ जुलै २०११, दुपारी १२.२०

डावखुरी, अल्डरसनचं मान्य. पण मग दुसरी बाजूही पूर्ण सांगा. नोव्हेंबर २००३. पिअरझिन्स्की नावाच्या एका कॅचरसाठी आपण मिनेसोटाला तिघं दिले: जो नेथन, फ्रान्सिस्को लिरिआनो, बूफ बॉन्सर. पिअरझिन्स्की एक वर्ष राहिला. नेथन देशातल्या सगळ्यात भरवशाच्या क्लोजरपैकी (सामन्याची शेवटची इनिंग टाकणाऱ्या पिचरपैकी) एक झाला. आणि लिरिआनोने याच मे महिन्यात नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिली नाही. त्या रात्री मी झोपलो नाही हो. आपला होता तो.

काका, तुम्ही गेल्या वर्षाचं म्हणालात. गेल्या वर्षीचे आउटफिल्डर आले कुठून? पॅट बरेलला टॅम्पाने सोडलं होतं, आपण उचलला. कोडी रॉसला फ्लोरिडाने वेव्हरवर टाकलं, म्हणजे हवा त्याने घ्या म्हणून सोडलं, आपण घेतला आणि तो फिलाडेल्फियाविरुद्ध सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला. दोघांसाठी एकही पोरगा द्यावा लागला नाही.

कँडलस्टिककाका | २५ जुलै २०११, दुपारी १.०५

लॉटरी एकदा लागली म्हणून दरवर्षी तिकिटावर घर चालवायचं का?

आज टीम व्हाइट हाउसला गेली होती. ओबामांच्या शेजारी आपली पोरं सूट घालून उभी, पोझी कुबड्या घेऊन. त्याला बघून पोटात तुटलं.

२५ मेच्या रात्री मी पार्कात होतो. मुलाने तिकीट काढून दिलं होतं. बारावी इनिंग सुरू झाली तेव्हा निम्मी माणसं घरी गेली होती. फ्लोरिडाचा कझिन्स तिसऱ्या बेसवरून निघाला, थ्रो आला, पोझी वळला आणि तो त्याच्या अंगावर. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, तिथून आवाज ऐकू यायचं कारण नाही, पण सगळं पार्क एकदम गप्प झालं. पोझी मातीत पालथा. ७-६ ने हरलो हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

त्या रात्रीनंतर मोसम संपला असं सगळे म्हणाले. पण या पोरांनी संपू दिला नाही, दोन महिने तसेच पहिल्या नंबरावर आहेत. व्होगलसाँग बघा. २००६ नंतर मेजर लीगमध्ये नव्हता, जपानमध्ये खेळून आला, आणि ३३व्या वर्षी ऑल-स्टार झाला. अशा माणसांना मदत पाठवायची नाही, तर मग कोणाला पाठवायची?

आकडेमोड | २५ जुलै २०११, संध्याकाळी ७.३६

साधारण साठेक सामने उरलेत. रोज खेळला तर बेल्ट्रानला अडीचशेच्या आसपास वेळा बॅटिंग मिळेल. तो आज जसा खेळतोय (सरासरी .२९० च्या आसपास, १५ होमरन, चालत बेसवर जाण्याची उत्तम नजर) तसाच खेळला, तर आत्ता उजव्या कोपऱ्यात जे उभे आहेत त्यांच्यापेक्षा पंधरा-वीस धावा जास्त मिळतील, असा माझा अंदाज. दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. म्हणजे दीड ते दोन विजय.

हे कमी नाही. गेल्या वर्षी सॅन डिएगोला आपण शेवटच्या दिवशी मागे टाकलं, ९२ विरुद्ध ९०.

पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. व्हीलर वर आला आणि टिकला तर सहा वर्षं स्वस्तात आपला. ८८ इनिंगमध्ये ९८ स्ट्राइकआउट, पण ४७ वॉक (चार बॉल टाकून फुकट दिलेला बेस). ४७ हा आकडा मोठा आहे. तो कमी झाला तर हा पोरगा पहिल्या क्रमांकाचा पिचर, नाही झाला तर मधल्या इनिंगचा.

दोन्ही बाजूंचे दाखले भरपूर आहेत. २००८ला डॉजर्सनी ३६ वर्षांचा मॅनी रामिरेझ घेतला आणि त्याने ५३ सामन्यांत .३९६ ची सरासरी आणि १७ होमरन मारले, डिव्हिजन (आपल्या गटातला पहिला नंबर) मिळवून दिली. १९८७ला डेट्रॉइटने डॉयल अलेक्झांडर घेतला, त्याने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, डेट्रॉइट पुढे गेलं. बदल्यात दिलेला पोरगा जॉन स्मॉल्ट्झ होता.

माझं मत: बेल्ट्रान घ्यावा. पण व्हीलर सोडून बाकी कोणीही द्यावा. मेट्स ऐकणार नाहीत हे मलाही कळतं.

क्वीन्सवाली | २६ जुलै २०११, सकाळी ६.१५

मी मेट्सची. तुमच्या घरात पाहुणी आहे, पण बेल्ट्रानबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडे त्याचं नाव काढलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. १९ ऑक्टोबर २००६, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीचा सातवा सामना, नववी इनिंग, बेस भरलेले, दोन आउट, ३-१ ने मागे. सेंट लुइसच्या वेनराइटचा कर्व्ह (वळणारा चेंडू) आला, बेल्ट्रानने बॅट खांद्यावरून हलवलीच नाही. तिसरा स्ट्राइक. मी शे स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर होते. घरी सात नंबरच्या ट्रेनने आलो, अख्ख्या डब्यात कोणी बोललं नाही.

पण त्याच वर्षी त्याने ४१ होमरन मारले होते हे कोणी सांगत नाही. तो नसता तर आम्ही त्या सातव्या सामन्यापर्यंत पोचलोच नसतो. २००४ला ह्यूस्टनकडून प्लेऑफच्या १२ सामन्यांत आठ होमरन मारणारा हाच माणूस. गेल्या वर्षी जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मोसम अर्धा गेला. या वर्षी वसंतातल्या सरावात तो स्वतःहून म्हणाला, सेंटर फील्ड पगानला द्या, मी राइटला जातो. आयुष्यभर जी जागा आपली म्हणून सांभाळली, ती अशी सोडायला मोठं मन लागतं.

तो धावतो तेव्हा वाटतं की हा आरामात चाललाय, आणि चेंडू पडतो तिथे तो आधीच उभा असतो. त्या सहजपणालाच लोकांनी आळस म्हटलं. तुमच्या पार्कात राइट-सेंटरला ४२१ फुटांचा तो कोपरा आहे ना, तिथे असा माणूस लागतो.

तुमच्याकडे आला तर त्याला जपा. आणि व्हीलर आमच्याकडे आला तर आम्ही जपू, शब्द देते.

डावखुरी | २६ जुलै २०११, सकाळी १०.०२

क्वीन्सवाली ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. २००६चं असं कोणी सांगितलं नव्हतं.

खाडीवारा | २७ जुलै २०११, दुपारी ४.४०

झालं. बेल्ट्रान आपला, व्हीलर मेट्सचा. उद्या अधिकृत होईल म्हणतात.

मुलाला शाळेच्या कॅम्पमधून आणताना गाडीत सांगितलं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो आता न्यूयॉर्कला राहणार? त्याचे मित्र इथे आहेत ना?" मला उत्तर सुचलं नाही. आपण सगळे 'प्रॉस्पेक्ट' (होतकरू पोरगा) म्हणतो, आकडे मांडतो. तो २१ वर्षांचा मुलगा आज सॅन होजेत सामान बांधत असेल.

काका, निर्णय तुमच्या बाजूने लागला. आता माझीही टीम हीच आहे. बेल्ट्रान यशस्वी होवो, मनापासून.

कँडलस्टिककाका | २७ जुलै २०११, संध्याकाळी ५.१५

खाडीवारा, हे असं बाजूंचं काही नाही हो. बातमी वाचली आणि मलाही आधी तुमच्या मुलाचंच स्कोअरकार्ड आठवलं. ते जपून ठेवा.

आकडेमोड | २९ जुलै २०११, सकाळी ८.२०

एक छोटी गोष्ट नोंदवून ठेवतो. बेल्ट्रानचा नंबर १५. आपल्याकडे १५ मॅनेजर बोची यांचा होता. त्यांनी तो काढून त्याला दिला आणि स्वतः १६ घातला. आपल्या मॅनेजरबद्दल याहून जास्त काही सांगायला नको.

डावखुरी | ९ ऑगस्ट २०११, रात्री ९.३०

बॅट फिरवताना बेल्ट्रानचं उजवं मनगट दुखावलं. दुखापतींच्या यादीत. अजून आपल्यासाठी एकही होमरन नाही आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी नवीन जखमी. मला काही लिहवत नाही.

खाडीवारा | २४ सप्टेंबर २०११, रात्री १२.०५

अ‍ॅरिझोनाने आज आपल्यालाच हरवून डिव्हिजन घेतली. संपलं.

बेल्ट्रानला दोष देणार नाही. परत आल्यापासून तो एकटाच मारतोय. सरासरी .३२० च्या वर आहे. त्याच्या पुढचे बेसवर नसतात आणि त्याच्या मागचे त्याला घरी आणत नाहीत, तर तो काय करणार? आकडेमोडने लिहिलेले दोन विजय त्याने बहुधा दिलेही असतील. आपल्याला दहा हवे होते.

मला दुःख याचं आहे की आपण रोगच चुकीचा ओळखला. पूर्ण घर गळत होतं आणि आपण एका खोलीवर सगळ्यात महागडी कौलं घातली. पोझी जखमी झाला तेव्हाच हे वर्ष बदललं होतं. जूनमध्ये एक-एक धावेने सामने जिंकत गेलो म्हणून आपल्याला ते दिसलं नाही. कायपर कॉमेंट्रीत गेल्या वर्षी याला 'छळ' म्हणायचा आणि आपण हसायचो, कारण शेवटी जिंकत होतो.

कँडलस्टिककाका | २४ सप्टेंबर २०११, सकाळी ७.५०

कौलांचं बरोबर आहे तुमचं. मी पोझीच्या जागी कोणीतरी उभा करायच्या घाईत होतो. पोझीच्या जागी कोणी उभा राहत नसतो. ही माझी चूक झाली आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

पण त्या दिवशी पहिल्या नंबरावर असताना हात बांधून बसलो असतो, तर आज मला जास्त त्रास झाला असता. हेही तितकंच खरं.

आकडेमोड | २९ ऑक्टोबर २०१२, सकाळी ९.००

धागा वर काढतोय, कारण काल रात्री आपण डेट्रॉइटला सलग चार सामन्यांत हरवून पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकलो!

आणि याही वर्षी डेडलाइनला आउटफिल्डर घेतला होता. हंटर पेन्स, फिलाडेल्फियाकडून. दिलं काय, तर शिअरहोल्ट्झ, कॅचर टॉमी जोसेफ आणि सेथ रोझिन. फरक नीट बघा. पेन्स २९ वर्षांचा आहे आणि पुढचं वर्षही आपल्याकडेच आहे. सिनसिनाटीत ०-२ ने मागे असताना त्याने ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना गोळा करून जे भाषण केलं, त्याचं मोल माझ्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. स्कुटारोही असाच जुलैत आला, ३६ वर्षांचा, आणि सेंट लुइसविरुद्ध सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू झाला. म्हणजे जुनाजाणता माणूस घेऊच नये असं मी आता कधीच म्हणणार नाही. मात्र पलीकडे कोण जातंय ते प्रत्येक वेळी विचारीन.

खाडीवारा | २९ ऑक्टोबर २०१२, सकाळी ९.४०

सेंट लुइसच्या त्या सिरीजमध्ये समोर राइट फील्डला बेल्ट्रान होता. आपण १-३ वरून परत आलो आणि तो पुन्हा वर्ल्ड सिरीजच्या दारातून मागे फिरला. आनंदाच्या भरातही त्याच्यासाठी वाईट वाटलं.

परवा परेड आहे. मुलगा शाळा बुडवणार, मी ऑफिस. काका, कॅलट्रेनने येताय का? चौथ्या आणि किंगच्या स्टेशनवर भेटू.

क्वीन्सवाली | १ ऑगस्ट २०१५, सकाळी ७.०५

तुमच्या धाग्यावर पुन्हा आले, कारण दिलेल्या शब्दाचा हिशोब द्यायचा आहे.

व्हीलर २०१३च्या जूनमध्ये वर आला. या मार्चमध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. आणि या बुधवारी त्याला आणि विल्मर फ्लोरेसला मिलवॉकीला देऊन कार्लोस गोमेझ घ्यायचं ठरलं. पुन्हा आउटफिल्डर! सामना चालू असताना बातमी फुटली. फ्लोरेस शॉर्टस्टॉपला उभा राहून बाहीने डोळे पुसत होता. १६व्या वर्षापासून तो आमच्याकडे आहे. रात्री उशिरा सौदा मोडला. व्हीलरने स्वतः जनरल मॅनेजरला फोन केला आणि मला इथेच राहायचंय म्हणून सांगितलं. हात गळ्यात, वर्षभर एक चेंडू टाकता येणार नाही, आणि तरी त्याला इथेच राहायचं होतं.

काल रात्री बाराव्या इनिंगमध्ये फ्लोरेसने होमरन मारून सामना जिंकून दिला. घरी येताना जर्सीवरचं 'मेट्स' हे नाव मुठीत धरलं त्याने.

खाडीवारा, तुमच्या मुलाने २०११ला विचारलं होतं ना, त्याचे मित्र इथे आहेत ना म्हणून? या आठवड्यात मला ते रोज आठवलं.

खाडीवारा | १ ऑगस्ट २०१५, सकाळी ८.३०

ताई, त्याला आत्ताच वाचून दाखवलं. तो आता बारा वर्षांचा आहे. म्हणाला, "बरं झालं तो फोन केला."

डावखुरी | ५ नोव्हेंबर २०२२, रात्री ८.५०

कोणी जागं आहे का इथे? वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना बघितलात का? व्हीलर फिलाडेल्फियाकडून. सहाव्या इनिंगपर्यंत ह्यूस्टनला एकही धाव नाही. फिलाडेल्फिया १-० ने पुढे. चेंडू फक्त ७०. एक आउट, दोघं बेसवर, आणि मॅनेजर मैदानात येऊन त्याला काढतो. नवा डावखुरा येतो आणि योर्डान अल्वारेझ चेंडू पार सेंटर फील्डच्या मागे भिरकावतो. ४-१. संपली सिरीज.

आकडेमोड | ५ नोव्हेंबर २०२२, रात्री ९.१५

तिसऱ्यांदा तोच बॅट्समन समोर आला की पिचर बदलावा, असं आकडे सांगतात. मीही आयुष्यभर तेच सांगत आलो. पण आज त्याचा हात बघा हो. चेंडू अजूनही जोरात येत होता. मी घरात उभा राहून "नको, नको" म्हणत होतो.

खाडीवारा | ५ नोव्हेंबर २०२२, रात्री ९.४०

मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलवर आहे. सामना संपल्यावर फोन आला, पण दोघंही फारसं बोललो नाही. मग म्हणाला, "बाबा, ते स्कोअरकार्ड आहे ना अजून?" आहे. पेन्सिल फिकी झालीय, पण 'के' मोजता येतात.

कँडलस्टिककाका | ५ नोव्हेंबर २०२२, रात्री १०.२०

मी जागा आहे. नातीने मोबाइलवर मोठ्या अक्षरात लावून दिलंय.

दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी ज्याला द्या म्हणून मी इथे तावातावाने भांडलो होतो, त्याच्यासाठी आज मी देव पाण्यात घालून बसलो होतो. मॅनेजर पायऱ्या चढून बाहेर आला तेव्हा व्हीलर काही बोलला नाही, चेंडू हातात दिला आणि खाली मान घालून निघून गेला. सत्तर चेंडू म्हणजे काय? आपल्या पोराला अजून दोन बॅट्समन टाकू द्यायला हवे होते.

खाडीवारा, त्या स्कोअरकार्डवर एकूण किती 'के' आहेत, उद्या मोजून लिहा.